'कृष्णा' आवळ्याचं कलम घेताय? मग दोन घ्या

जून 2019 मध्ये शहराबाहेरच्या एका नर्सरीतून 'कृष्णा' जातीचं आवळ्याचं कलम आणलं, 90 रुपयांना. कलम अस्सल निघालं, त्याबद्दल शंका नाही. माझी तक्रार आहे ती विकताना न सांगितलेल्या गोष्टींबद्दल.

आमचं घर कळंब्याकडं. परसात काळी माती, आणि आषाढात कोल्हापूरचा पाऊस लागला की चार-चार दिवस पाणी हटत नाही. म्हणून तीन फुटांचा खड्डा काढून तळाला विटांचे तुकडे घातले, वर शेणखत-माती भरून बुंध्याशी उंचवटा केला. रोप लगेच धरलं.

दुसऱ्या वर्षी खालून एक फांदी जोरात वर आली. मी खूश! आमच्या आत्यांनी (सासूबाईंनी) बुंध्याशी बसून बोटानं दाखवलं: "हे बघ, सांध्याच्या खालनं आलीया. ही गावठी. ठेवलीस तर कलम मरंल." खरंच, डोळा भरलेल्या जागी (म्हणजे गावठी खोडावर चांगल्या जातीची कळी बसवतात तिथं) साल जराशी फुगलेली होती आणि फांदी त्याच्या चार बोटं खालून निघाली होती. तिथंच कापली. डोळ्याभोवतीची प्लॅस्टिकची पट्टीही तशीच होती, सालीत रुतायला लागलेली. तीही सोडवली. पट्टी कधी काढायची एवढं तरी विकणाऱ्यानं सांगायला नको का?

2022 च्या वसंतात झाड फुलांनी भरलं. बारीक, पिवळसर हिरवी फुलं, मधमाश्यांची नुसती गर्दी. हाती एकही आवळा लागला नाही. नर्सरीत विचारलं तर "खत कमी पडलं असंल." शेवटी शेतकी खात्यातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी उलगडा केला. आवळ्यात नर फुलं ढिगानं आणि मादी फुलं थोडी, त्यातही एकाच जातीच्या परागावर फळ नीट धरत नाही. जवळ दुसऱ्या जातीचं झाड हवं. म्हणून त्याच पावसाळ्यात 'कांचन' आणलं. त्याला मादी फुलं जास्त येतात.

2025 च्या वसंतात दोन्ही झाडं एकदम फुलली. उन्हाळाभर मात्र फळाचा पत्ता नाही. मी पुन्हा हिरमुसले. ऐन श्रावणात पानांचा झुबका वर उचलून बघितला, तर काडीला चिकटून वाटाण्याएवढे हिरवे मणी! आवळ्याचं हे असंच असतं: फलधारणा झाली तरी फळ उन्हाळाभर निजून राहतं आणि पावसाबरोबर वाढायला लागतं. आवळी नवमीला आत्यांनी झाडाची पूजा केली. डिसेंबरात सहा किलो निघाले. कृष्णाची फळं मोठी, साल गुळगुळीत, आणि एका गालावर लाली. कांचनची लहान, गर जास्त रेशाळ.

म्हणून मोरावळ्याला फक्त कृष्णा. कुकरला न लावता चाळणीत वाफवायचा, फोडी आपोआप सुटतात. आत्या किलोला सव्वा किलो गूळ घेतात, तोही पिवळाधमक नको, तांबूस गूळ. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर, पाक बोटांत एकतारी होईपर्यंत. लोखंडी कढई चुकूनही नको, सगळं काळं पडतं. कांचनचा किस काढून मीठ-जिरं लावला आणि सावलीत वाळवून सुपारी केली. चवीत काही उणं नाही.

कलमाच्या दर्जाला पाचपैकी पाच, माहितीला दोन. नर्सरीत जाल तेव्हा जातीचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा, डोळ्याची जागा दाखवून घ्या, आणि दुसऱ्या जातीचं कलम त्याच दिवशी उचला. आमची तीन वर्षं वाचली असती.