कॅमशाफ्ट बदलल्यावर टायमिंग: टेस्ट लॅम्प की टायमिंग लाइट?

जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगीचा करंट वाटणारा भाग) बहुधा कॅमशाफ्टवरच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरच्या) गिअरनेच फिरतो. म्हणून कॅमशाफ्ट बदलला की इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, नव्याने लावावंच लागतं.

टेस्ट लॅम्पचं (पॉइंटच्या तारेला जोडायच्या साध्या दिव्याचं) काम बंद इंजिनावर होतं. आधी पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या, उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचा) गॅप लावा, पुलीची खूण जुळवा, इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवा. पॉइंट उघडताच दिवा लागतो. मात्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एकच फेरा होतो, त्यामुळे खूण जुळूनही एक नंबरचा पिस्टन एग्झॉस्टच्या शेवटी असू शकतो. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून कॉम्प्रेशनचा दाब तपासाच.

टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकून पुलीची खूण दाखवणारा दिवा) चालत्या इंजिनावर लावतात. अचूकतेत तोच सरस: गिअरचा ढिलेपणा त्यात धरला जातो, आणि रेस केल्यावर अ‍ॅडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते) वाढतो का, तेही दिसतं.

तरी नव्या कॅमशाफ्टसाठी मी आधी टेस्ट लॅम्पच घेईन. फ्लॅट टॅपेटचा (सपाट तळाचा टॅपेट ज्यावर घासत चालतो तो) कॅम पहिल्याच स्टार्टला सुमारे 20 मिनिटं 2000 आरपीएमच्या आसपास चालवायचा असतो. टायमिंग चुकलेलं असलं आणि नुसता स्टार्टर मारत बसलात, तर लोबवरचं (कॅमच्या उंचवट्यांवरचं) ल्युब पुसलं जाऊन नवेकोरे लोब घासतात. लाइट त्यानंतर, इंजिन आयडलला आल्यावर.