पद्मिनीसाठी घरी बनवलेली हत्यारं : पावसाळ्यापासून वापरतोय, काय टिकलं काय नाही

निकाल आधीच सांगून टाकतो, सगळं वाचायला वेळ नसेल तर इथेच थांबलात तरी चालेल. घरी बनवलेल्यातली पाच हत्यारं आता रोजची झालीत, एक भंगारात गेलं, आणि दोन गोष्टी मी बनवल्याच नाहीत, तुम्हीही त्या नादाला लागू नका.

गाडी वडिलांची, ८६ सालची प्रीमियर पद्मिनी. म्हणजे मूळची फियाट ११००डी, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. हिचं एक बरंय की सगळा कारभार मिलिमीटरमध्ये, १०, १३, १७, १९ चे पाने असले की निम्मी गाडी उघडते. माझ्या एका मित्राकडे अँबेसेडर आहे, त्याला बिचाऱ्याला इंची पाने शोधत हिंडावं लागतं आणि त्याने १३चा पाना अर्धा इंचीच्या नटला घातला की आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसतो.

हत्यारं बनवायची वेळ का आली तर पद्मिनीची खास हत्यारं दुकानात मिळतच नाहीत. कुर्ल्याची फॅक्टरी कधीच बंद झाली, मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीही ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेल्या, आणि त्या टॅक्सींवर पोट असलेले जुने मिस्त्रीही हळूहळू पांगले. अशा प्रत्येक मिस्त्रीकडे भिंतीला खिळ्यावर एखाद-दुसरा वाकवलेला, घासलेला, वेल्डिंग मारलेला पाना टांगलेला असायचा, तो विकत कुठेच मिळायचा नाही, त्याचा त्यानेच केलेला. आता तो आपल्यालाच करावा लागतोय, एवढंच.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरलेलं म्हणजे टेस्ट लॅम्प. १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, एका टोकाला मगर क्लिप आणि दुसऱ्या टोकाला जुनी सायकलची आरी. चाळीस-पन्नास रुपयांत काम. फ्यूज, हेडलाइट, हॉर्न हे तर तपासता येतंच पण खरी मजा टायमिंगला, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते लावताना येते. कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरला जी वायर जाते त्या टोकाला आरी, क्लिप बॉडीला, चावी ऑन, गाडी चौथ्या गिअरला टाकून एकाने अगदी हळू पुढे ढकलायची. पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे) मिटलेले असतात तोवर दिवा बंद, ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी दिवा लागतो, आणि त्याच वेळी पुलीवरची खूण जागेवर आली पाहिजे. नसेल तर डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवा. पॉइंटचा गॅप मात्र आधी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) नीट लावून घ्या, गॅप बदलला की टायमिंगही बदलतं, उलट क्रमाने केलं तर रविवार गेला समजा. मोठा बल्ब लावू नका, एलईडी तर नकोच, कॉइलमधून येणारा झटका तिला सोसत नाही.

दुसरं क्लच सेंटर करायचा दांडा, म्हणजे गिअरबॉक्स चढवण्याआधी क्लच प्लेट बरोबर मधोमध धरणारा. ज्यांनी गिअरबॉक्स छातीवर घेऊन गाडीखाली झोपून आत ढकलायचा प्रयत्न केलाय त्यांना याची किंमत सांगायला नको. प्लेट एका मिलिमीटरने जरी बाजूला असली तरी बॉक्स आत जात नाही. आधी मी लाकडाचा केला, उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून खराडून घेतला, पुढचं टोक क्रँकच्या बुशात बसणारं आणि मागे प्लेटच्या दात्यांच्या मापाचा. चालला, पण पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि टोक बुशात जाईना, पॉलिश पेपर मारत बसावं लागलं. मग भंगारातून पद्मिनीच्याच फुटक्या गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट मिळाला, तो ग्राइंडरने कापून वीतभर ठेवला आणि विषय संपला. दाते ओरिजिनल, टोक ओरिजिनल, माप काढायची भानगडच नाही. तुम्हाला शाफ्ट मिळत असेल तर लाकडाच्या वाटेला जाऊच नका.

आता बुश ओढायचा स्क्रू, यावर जरा जास्त लिहितो कारण लोक इथेच गंडतात. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, म्हणजे टोकाच्या डोळ्यात बसवलेल्या नळ्या, ठोकून काढायला गेलं की पाट्याचा डोळा वाकतो नाहीतर बुश तिरका अडकतो. ओढायला काय लागतं, तर एक लांब स्क्रू, एका बाजूला बुश मावेल एवढा जाड पाइपचा तुकडा, दुसऱ्या बाजूला बुशपेक्षा किंचित बारीक सॉकेट, आणि जाड वॉशर. हार्डवेअरच्या दुकानात जो मीटरवर थ्रेडेड रॉड मिळतो तो घेऊ नका. तो मऊ असतो, गंजलेल्या बुशवर जोर आला की आटे लोण्यासारखे सोलून निघतात. ट्रकच्या भंगारातले लांब बोल्ट बघा, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा छापलेला असतो, १०.९ मिळाला तर उत्तम. बारीक आट्याचा मिळाला तर अजून बरं, तेवढ्याच हाताच्या जोरात जास्त ओढतो. आणि नट नि वॉशरच्या मधे जुनं थ्रस्ट बेअरिंग टाका, आट्यांना मोलीचं काळं ग्रीस लावा. बेअरिंग टाकायच्या आधी पान्याला पाइप लावून लोंबकळायला लागायचं, आता बसून पाना फिरवला की बुश कुरकुरत बाहेर येतो. आदल्या रात्री डिझेल नाहीतर गंजाचं ऑइल सोडून ठेवायचं, ते सांगायला नकोच. एवढ्या महिन्यांत याचे आटे अजून नव्यासारखे आहेत. त्याच्या आधी दुकानातून एक तीन पायांचा पुलर आणला होता (नाव सांगत नाही), त्याच्या पायांची नखं पहिल्याच ड्रमला उघडली, म्हणजे विकतचं ते चांगलंच असं काही नाही.

वाकवलेला पाना. मॅनिफोल्डच्या (इंजिनला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांच्या) खालच्या नटांना सरळ रिंग पाना पोचत नाही. जुन्या बाजारातून १३चा एक बऱ्यापैकी भारी जुना पाना घ्या, मानेला गॅसची ज्योत देऊन वाकवा, रिंगची भिंत बाहेरून पातळ घासा. घासताना मात्र दर दोन-तीन सेकंदाला पाण्यात बुडवत राहा. लोखंड निळं पडलं की समजायचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग तो पाना नटवर पसरतो आणि नटचे कोपरे गोल करतो. मान वाकवताना तापतेच, ती थोडी मऊ होते, चालतं, तोंड तापू द्यायचं नाही, त्यासाठी तोंडाला ओलं फडकं गुंडाळायचं.

एकट्याने ब्रेकची हवा काढायची बाटली सगळेच बनवतात, त्यात नवीन काही नाही. प्लास्टिकची बाटली, मत्स्यालयाच्या दुकानातली पारदर्शक नळी, नळीचं टोक तळाशी ब्रेक ऑइलमध्ये बुडलेलं. बाटली निपलच्या (चाकाजवळच्या हवा सोडायच्या बोल्टच्या) वर टांगा म्हणजे बुडबुडे वर चढतात. एक तक्रार आहे, ती नळी ब्रेक ऑइलने काही आठवड्यांत कडक होते आणि निपलवरून सटकते, दर वेळी नवीन तुकडा कापा, पाच रुपयांची गोष्ट आहे. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

भंगारात गेलेलं म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये घालताना त्याच्या रिंग आवळायची, डब्याच्या पत्र्याची पट्टी. पत्रा नि होज क्लिप. पहिल्या पिस्टनला ठीक, पुढच्याला पत्र्याची कड दुमडली आणि रिंग मोडता मोडता राहिली. विकतची दोन-तीनशेला मिळते, घ्या.

न बनवलेल्या दोन गोष्टी म्हणजे पुढच्या कॉइल स्प्रिंगचा कॉम्प्रेसर आणि जॅक स्टँड. पुलर तुटला तर फार तर गुडघे फुटतील, पण दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती थोबाडावर येते. स्टँडचंही तेच, गाडी नऊशे किलोच्या आसपास आणि खाली आपण झोपणार, वेल्डिंग आतून किती धरलंय हे वरून कळत नाही. कॉम्प्रेसर मी ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणतो, स्टँड चांगल्यापैकी विकत घेतलेत आणि शिवाय काढलेलं चाक बॉडीखाली आडवं सरकवून ठेवतो.

सध्या व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायची पट्टी करतोय, रॉकर शाफ्टच्या स्टडला अडकवून तरफेसारखी. पट्टी पाट्याच्या तुकड्याची घेतलीये पण भोक पाडताना दोन ड्रिल बिट गेले, पाट्याला कंपनीतच पाणी दिलेलं असतं ना. आता लोहाराकडून आधी मऊ करून आणणार, भोक पाडणार आणि मग परत पाणी देऊन घेणार.