तुमच्या कथेतली सूर्यमाला कोण राखणार: वेशीवरची चौकी, लेझर की दगड?

दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला बसलेल्या एका मैत्रिणीचा परवा फोन आला. दोनशे वर्षांनंतरची सूर्यमाला, बाहेरून काहीतरी चालून येतंय, आणि माणसांनी स्वतःला वाचवायचंय. तिच्या वहीत तीन पर्याय होते: नेपच्यूनच्या कक्षेवर चौक्यांचा तट, प्रचंड ताकदीचे लेझर, नाहीतर येणाऱ्या वस्तूवर सरळ काहीतरी नेऊन आदळणं. "यातलं कुठलं घेऊ?"

मी उलट विचारलं, तुझ्या माणसांच्या हातात वेळ किती आहे? दहा वर्षं, दोन दिवस, की दोन तास? हत्यार त्यावरून ठरतं. हे आधी न ठरवता लिहिलेल्या कथा मी बऱ्याच वाचल्या आहेत. पहिल्या पानावर धोका डोंगराएवढा असतो आणि शेवटच्या पानावर कुणीतरी बटण दाबतं.

तट आपल्याला लगेच पटतो, गडकोटांच्या मुलखातले आपण. पण गडाचं निम्मं बळ डोंगराचं असतं. शत्रूला घाटातून, खिंडीतूनच यावं लागतं. अवकाशात खिंड नाही. नेपच्यून सूर्यापासून ४५० कोटी किलोमीटरवर आहे. तेवढ्या त्रिज्येचा गोल कल्पून त्यावर एक कोटी चौक्या सारख्या अंतरावर पेरल्या, तरी शेजारच्या दोन चौक्यांमध्ये साधारण ५० लाख किलोमीटर उरतात, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराच्या तेरापट. याला तट म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तरीही एक चौकी ठेवा. एकच, आणि तिच्यावर एक माणूस. तिथून निघालेला निरोप पृथ्वीवर पोचायला चार तास दहा मिनिटं लागतात, उत्तर यायला तेवढीच. येणारी वस्तू प्रकाशाच्या एक दशांश वेगाची असेल, तर तेच अंतर कापायला तिला जवळपास ४२ तास. निरोपाचा वेळ वजा केला की पृथ्वीच्या हातात ३८ तासांच्या आत-बाहेर उरतात. पावनखिंडीत बाजीप्रभूंचे कान विशाळगडाच्या तोफांकडे लागले होते. या चौकीवरच्या माणसाला घरून आलेला प्रत्येक शब्द चार तास शिळा मिळणार. वरिष्ठांना विचारून ठरवायची सोय नाही. शस्त्र म्हणून चौकी दुबळी आहे, पण कथेसाठी यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही.

लेझरबद्दल माझं मत जरा कडक आहे. किरण कितीही सरळ सोडला तरी तो पसरतो. तो प्रकाशाचा स्वभाव आहे, यंत्रातला दोष नव्हे. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा लेझर १० मीटर व्यासाच्या आरशातून सोडला, तर चंद्राच्या अंतरावर ठिपका सुमारे ९० मीटरचा होतो. सूर्य-पृथ्वी अंतराएवढा लांब नेलात तर तो ३५ किलोमीटरांच्या पुढे जातो. तेवढ्या पसाऱ्यात वितळायचं काय? आरसा किलोमीटरभराचा करता येईल, पण मग त्याला लागणारी वीज आणि त्याहून अवघड, त्याची उष्णता बाहेर टाकणं दाखवावं लागेल. निर्वातात वारा नाही. उष्णता जाते ती फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात. आणि तापलेली वस्तू लपत नाही, कारण मागचं आकाश निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाच्या, जेमतेम तीन अंश वर असतं. म्हणून लेझर घ्यायचाच तर चंद्राजवळ, शेवटचे दोन तास उरलेले असताना घ्या. नेपच्यूनवरून गुरूपर्यंत मारा करणारा लेझर मात्र नको.

अणुबॉम्बचं तिने विचारलंच. निर्वातात धक्क्याची लाट नसते. क्ष-किरणांनी पृष्ठभागाची वाफ होते आणि त्या वाफेच्या रेट्याने दगड सरकतो. उपाय खरा आहे. पण १९६७ च्या अवकाश करारानुसार कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला मनाई आहे, तेव्हा तुमची कथा आकाशापेक्षा बैठकांमध्येच जास्त रंगेल.

राहिला दगड, म्हणजे येणाऱ्या वस्तूवर काहीतरी नेऊन आदळणं, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. तिघांपैकी हा एकच माणसाने करून पाहिलेला. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान, साधारण ५७० किलो वजनाचं, सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने डायमॉर्फसवर आदळलं. दीडशे-एकशे साठ मीटरचा तो गोटा डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. त्याच्या फेरीचा वेळ सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला. त्या धडकेचं थेट चित्रण जरूर बघा: आधी एक ठिपका, मग अंडाकृती गोळा, मग पडदाभर दगडच दगड, लहानमोठे, अणकुचीदार, सावल्यांसकट. शेवटची चौकट अर्धवटच आली. बाकीची पाठवायला यान उरलं नव्हतं.

इथे वेळेचा हिशोब बघा. सरळ गुणाकार केला, तर पृथ्वीवरच्या धडकेला दहा वर्षं असताना येणाऱ्या दगडाचा वेग सेकंदाला २ सेंटिमीटर बदलला की तो पृथ्वीच्या त्रिज्येएवढा बाजूला जातो. एकच दिवस उरला असेल तर तेवढ्यासाठीच सेकंदाला ७४ मीटर लागतात. दगड तोच, हत्यार तेच. दहा वर्षं आधी टिचकी पुरते, आदल्या दिवशी डोंगर ढकलावा लागतो.

आणि समोरचा अतिवेगाने येत असेल तर त्याचा वेग त्याच्याच मुळावर उठवता येतो. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने येणाऱ्या यानाच्या वाटेत एक ग्रॅम वाळू आली, तर जवळपास शंभर टन टीएनटी या स्फोटकाएवढी ऊर्जा मोकळी होते. दोन दिवसांच्या कथेत मी क्षेपणास्त्रं दाखवणार नाही, वाळू पसरणारी स्वस्त, मुकी यानं दाखवीन. अर्थात हे उलटही खरं आहे. त्याच वेगाचा एक किलोचा खडा आपल्यावर आला तर हिरोशिमाच्या सातेक बॉम्बांएवढा. हे पात्रांना ठाऊक असू द्या.

पण हे सगळं आधी दिसलं तर. सूर्यमालेबाहेरून आलेला पहिला ओळखलेला पाहुणा, ओमुआमुआ, २०१७ च्या ऑक्टोबरात सापडला तेव्हा सूर्याला वळसा घालून परत निघाला होता. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेली सुमारे २० मीटरची उल्का सूर्याच्या बाजूने आली; आधी कुणालाच दिसली नाही, आणि हजारांहून जास्त माणसं जखमी झाली, बरीचशी फुटलेल्या काचांनी. म्हणजे सगळ्या दुर्बिणी वेशीवर ठेवून भागत नाही. निदान एक तरी सूर्याच्या जवळ, बाहेर तोंड करून हवी.

तिला मी आणखी एक सांगितलं: लिहिण्याआधी लोणारच्या उल्काविवराला जाऊन ये. काठावर उभं राहिलं की समोरचा काठ जवळपास दोन किलोमीटर लांब दिसतो, खाली खाऱ्या पाण्याचं हिरवट तळं. झाडीतून पाण्यापर्यंत उतरताना सतत जाणवत राहतं की हा कठीण बसाल्ट कुणीतरी बाहेरून येऊन असा उकरला आहे. पात्रं नक्की कशाला भितात, ते तिथे पायांना कळतं.

काल तिचा निरोप आला. तट पाडला, लेझर काढला, दोन दिवसांची मुदत ठेवली. चौकी एक, माणूस एक, आणि पहिला प्रसंग तिथेच, निरोप पाठवून झाल्यानंतरचा. आता विचारतेय, वाळू किती टन लागेल आणि ती किती आधी पसरायला हवी. रविवारी हिशोबाला बसतोय.