नऊ महिन्यांचा अनुभव: केबल लावली की वाय-फाय बंद, आणि पासवर्डऐवजी सर्टिफिकेट

ऑफिसच्या साठेक लॅपटॉपांची जबाबदारी माझ्याकडे आहे. नऊ महिन्यांपूर्वी आम्ही सगळ्यांवर दोन बदल केले. केबल लागली की वाय-फाय आपोआप बंद होतं, आणि केबल असो की वाय-फाय, नेटवर्कमध्ये शिरायला पासवर्ड चालत नाही, मशीनचं स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं डिजिटल ओळखपत्र, लागतं.

सुरुवात एका लॅपटॉपमुळे झाली. नेट मंद आहे म्हणून सहकाऱ्याने तो माझ्याकडे आणला. खालच्या पट्टीत केबलचं चिन्ह होतं, म्हणजे वरवर सगळं ठीक. नेटवर्कचे पत्ते दाखवणारी 'आयपीकॉन्फिग' ही कमांड चालवली तर पत्ते दोन निघाले: एक ऑफिसचा, दुसरा १९२.१६८.४३ ने सुरू होणारा. तो त्याच्याच फोनच्या हॉटस्पॉटचा होता. प्रवासात कधीतरी जोडला होता आणि 'आपोआप जोडा'ची खूण तशीच राहिली होती. म्हणजे एकच मशीन एका हाताने आतल्या नेटवर्कला आणि दुसऱ्या हाताने बाहेरच्या नेटवर्कला धरून बसलं होतं. त्याच्या ते गावीही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं.

केबल-वाय-फायचा बंदोबस्त विंडोजमध्येच आहे, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्या मशीनवर एकदम नियम लावायच्या सोयीत, 'विंडोज कनेक्शन मॅनेजर' या भागात 'मिनिमाइझ द नंबर ऑफ सायमल्टेनियस कनेक्शन्स' ने सुरू होणारी पॉलिसी आहे. तिला ३ हा पर्याय द्यायचा, म्हणजे केबल असताना वाय-फाय बंद. तो विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मिळतो. केबल काढल्यावर वाय-फाय परत यायला काही सेकंद जातात आणि चालू व्हिडिओ कॉल तेवढा अडखळतो. पहिल्या आठवड्यात यावर बरीच कुरकुर झाली, मग सवय झाली.

ज्यांना डॉक (एका वायरीने लॅपटॉपला केबल, पडदा वगैरे जोडणारा डबा) दिले आहेत, त्यांचा त्रास वेगळा. एका टेबलावर दर दोन-तीन मिनिटांनी वाय-फाय चालू-बंद होत होतं. मी पॉलिसीवर संशय घेऊन अर्धा दिवस घालवला. शेवटी खाली वाकून पाहिलं तर केबलच्या टोकाची प्लास्टिकची खिट्टी तुटलेली. टेबलाला धक्का लागला की पोर्टवरचा हिरवा दिवा विझायचा. केबल बदलली, संपलं. तेव्हापासून अशी तक्रार आली की मी आधी केबल बघतो.

सर्टिफिकेटचं काम मात्र जड आहे. आधी आमच्याकडे वाय-फायला ओळख पटवण्याची पीईएपी ही पद्धत होती, तिच्या आत एमएस-चॅप व्ही२, म्हणजे नाव-पासवर्ड. एमएस-चॅप व्ही२ किती कच्चं आहे हे २०१२ मध्येच जाहीर दाखवून झालं आहे. त्यात लॅपटॉप समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासत नसेल, तर त्याच नावाचं खोटं वाय-फाय उभं करून कुणीही ती देवाणघेवाण पकडू शकतो. विंडोज ११ च्या २२एच२ एंटरप्राइझमध्ये क्रेडेन्शियल गार्ड (साठवलेल्या लॉगिनचं रक्षण करणारी विंडोजची सोय) आपोआप चालू झालं आणि या पद्धतीचं आपोआप लॉगिन बंद पडलं, तेव्हा आमचा निर्णय पक्का झाला: ईएपी-टीएलएस, म्हणजे सर्टिफिकेटवर ओळख पटवणं. केबलसाठी ८०२.१एक्स (ओळख पटल्याशिवाय नेटवर्कमध्ये न घेणारं मानक) लावताना एक गोष्ट विसरू नका. 'वायर्ड ऑटोकॉन्फिग' ही सर्व्हिस मुळात आपोआप सुरू होत नाही, आणि ती बंद असेल तर इथरनेटच्या गुणधर्मांत ऑथेंटिकेशनचा टॅबच दिसत नाही.

सगळ्यात मोठा धडा पाचव्या महिन्यात मिळाला. एक सहकारी लांब रजेवरून परतली आणि तिच्या लॅपटॉपला केबलवरही प्रवेश मिळेना, वाय-फायवरही मिळेना. सर्टिफिकेटची मुदत संपली होती. नूतनीकरण मुदतीच्या सहा आठवडे आधी सुरू होतं, आणि तो सगळा काळ मशीन बंद होतं. नवीन सर्टिफिकेट घ्यायला नेटवर्क हवं आणि नेटवर्कला सर्टिफिकेट हवं. व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात येण्याचा सुरक्षित मार्ग, तोही त्याच सर्टिफिकेटवर, त्यामुळे तोही रस्ता बंद. तिचा अख्खा दिवस वाया गेला, आणि चूक माझी होती. हे मी आधीच ओळखायला हवं होतं. आता ओळख न पटलेल्या मशीनसाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग, आहे. तिथून नूतनीकरणाला लागणारे सर्व्हर दिसतात, बाकी काही नाही.

उणिवाही आहेत. ८०२.१एक्स दारात ओळख विचारतं, पण केबलमधून जाणारा डेटा त्याने गुप्त होत नाही. त्यासाठी मॅकसेक हे केबलवरचा डेटा गुप्त करणारं तंत्र लागतं आणि आमचे जुने स्विच ते करत नाहीत. प्रिंटरांना अजून मॅक पत्त्यावरच, म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क क्रमांकावरच, आत घ्यावं लागतं. तो पत्ता मागच्या लेबलवर छापलेला असतो, कुणीही उतरवून घेईल. म्हणून प्रिंटर वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकले आहेत आणि तिथून प्रिंट सर्व्हरपलीकडे काही दिसत नाही.

ऑफिसबाहेरच्या वाय-फायवर ही पॉलिसी कामाची नाही, तिथे व्हीपीएन कायम चालू ठेवणं हाच इलाज.

हे सगळं पुन्हा करायचं ठरलं तर करीन, फक्त नूतनीकरणाचा व्हीलॅन पहिल्या दिवशी उभा करीन. मुदत संपलेल्या सर्टिफिकेटचा एक जुना लॅपटॉप आता मुद्दाम कपाटात ठेवला आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो केबलला लावतो, नवीन सर्टिफिकेट मिळतं का ते पाहतो, आणि जुनंच परत टाकून ठेवून देतो.