मांगरात रंगवलेली मारुती ८००: पंधरा महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी २००६ ची मारुती ८००. रंग पांढरा, कंपनीच्या भाषेत सुपीरियर व्हाइट. बाबांनी घेतलेली, आता मी चालवतो. २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कुडाळजवळच्या आमच्या घरी, बागेतल्या मांगरात (शेडमध्ये), ती मी स्वतः रंगवली. त्याआधी खिडकीच्या ग्रिलला ऑइलपेंट लावण्यापलीकडे रंगाचं काही काम केलेलं नव्हतं. त्यानंतर गाडीने कोकणातला एक अख्खा पावसाळा काढला आणि आता दुसरा उन्हाळा चालू आहे. रोज बावीस किलोमीटर चालते, उभी असते उघड्यावर. रंगवल्या दिवशीचे फोटो सगळ्यांचेच सुंदर येतात, म्हणून तेव्हा काही लिहिलं नाही. आता लिहितोय.

आधी निकाल सांगतो. छप्पर, बोनेट आणि डिकी अजून उत्तम आहेत. अनोळखी माणसाला घरी रंगवलीय हे सांगावं लागतं. उजवी बाजू चांगली. डाव्या बाजूच्या दोन्ही दारांच्या खालच्या कडा फसल्या. पुढचा बंपर दोनदा रंगवावा लागला.

गॅरेजवाल्याने पूर्ण गाडीचे चाळीस हजार सांगितले होते. गाडी विकायला काढली तर जवळपास तेवढेच येतील. माझे सगळे मिळून तेवीस हजार चारशे गेले. त्यातले साडेनऊ हजार जुन्या कॉम्प्रेसरचे, जो अजून माझ्याकडे आहे. वेळ मात्र नऊ आठवड्यांचे शनिवार-रविवार. पैसे वाचवायचे एवढाच हेतू असेल तर या भानगडीत पडू नका, तेवढ्या दिवसांची मजुरी धरली तर काही वाचत नाही. मला ही गाडी आपल्या हाताने नीट करायची होती, म्हणून केलं. रंग बदलायचा मोहही टाळला. आरसी बुकात रंगाची नोंद असते, आणि पुढच्या वर्षी गाडी पुन्हा पासिंगला ओरोसच्या आरटीओत न्यायची आहे. पांढऱ्यावर पांढराच बरा.

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये रंगकामाला होते. पहिल्या शनिवारी मी नवी स्प्रे गन दाखवायला घेऊन गेलो, तर त्यांनी ती हातातही घेतली नाही. सरळ येऊन गाडीखाली वाकले, रनिंग बोर्डावर (दारांखालच्या पत्र्याच्या पट्टीवर) स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत गेले. एका जागी आवाज बदलला. टोक दाबलं तर सरळ आत गेलं. "गंज आदी काढ. रंग मगे बघूया," एवढंच बोलले. पुढचे चार आठवडे गन पिशवीतच राहिली.

गंज काढणे म्हणजे गंज दिसेनासा करणे नव्हे. पत्रा चकचकीत दिसेपर्यंत तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या सँडपेपरने घासायचं (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). रनिंग बोर्डाला दोन जागी भोकं पडलेली होती, ती वेल्डरकडून पत्रा लावून घेतली. भोकावर नुसती लांबी (पुट्टी) थापून वरून रंग मारणारे खूप आहेत, ती लांबी एका पावसाळ्यात ढेपळासारखी सुटते. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर) मारा. आमच्याकडे जानेवारीतही रात्री दव पडतं. घासून उघडा ठेवलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला मी स्वतः पाहिला, आणि ते घासणं पुन्हा पहिल्यापासून केलं.

हार्डनरवाली (घट्ट करणारं रसायन मिसळून लावायची) लांबी कोरडीच घासायची. पाणी मारलं की ती पाणी धरते, आणि वरून रंग बसला की तेच पाणी फोड होऊन बाहेर येतं. ८० ने आकार, १८० ने साफ, ३२० ने शेवट. मग अस्तराचे (रंगाखालच्या थराचे) दोन हात आणि त्यावर पाणीपेपर (पाणी लावून घासायचा पेपर), आधी ४००, मग ६००. यात काकांनी शिकवलेली एक युक्ती सगळ्यात उपयोगी पडली. अस्तर वाळलं की त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारायचा, धूळ उडाल्यासारखा, आणि लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासायचं. जिथे काळं राहील तिथे खड्डा, जिथे घासता घासता पत्रा दिसेल तिथे उंचवटा. डाव्या मागच्या दारावर हात फिरवून मला सगळं सपाट लागत होतं. काळं मारून घासलं तर मधोमध बशीएवढं वर्तुळ तसंच राहिलं. जुना ठोकर लागलेला खड्डा होता. रंग मारल्यावर दिसला असता तर ते दार पुन्हा उघडं करावं लागलं असतं.

रंग जुळवायला पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून दुकानात नेलं होतं. रंग टूके पीयू (दोन घटकांचा पॉलियुरेथेन) घेतला, म्हणजे हार्डनर घालून मारायचा. पांढरा सॉलिड रंग असल्याने वरून वेगळं क्लिअर (पारदर्शक थर) लागलं नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याने मेटॅलिक रंगाच्या वाटेला जाऊ नये. त्यात हात थोडा कमीजास्त झाला की पट्टे दिसतात आणि ते घासून जात नाहीत.

आता जे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं ते. टूके रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा होतो, ज्याला कधी नव्हता त्यालाही, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोड्यानेही त्रास होतो. वास येत नाही म्हणून हवेत नाही असं समजायचं नाही. रुमाल किंवा कोविडमधले मास्क इथे काहीच कामाचे नाहीत. मी कार्बन कार्ट्रिजचा मास्क, पूर्ण चष्मा आणि हातमोजे वापरत होतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क हाच खरा उपाय, तो माझ्याकडे नव्हता. शेवटच्या रविवारी एक दार राहिलं होतं, मास्कच्या आत घाम आला म्हणून तो काढला आणि पाच मिनिटांत काम उरकलं. रात्री छाती आवळल्यासारखी झाली, खोकला थांबेना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. उतरलं, पण ती रात्र मी विसरलेलो नाही. घरात दम्याचं कोणी असेल, लहान मूल असेल, किंवा फ्लॅटच्या पार्किंगमध्ये करायचा विचार असेल, तर टूके रंग घरी मारू नका. घासणं, लांबी, अस्तराचं पाणीपेपर सगळं घरी करा आणि शेवटचे हात रंगाचा बंद बूथ असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्या. माझा मांगर घरापासून लांब आहे, तिन्ही बाजूंनी उघडा. थिनर पेट घेतो म्हणून तिथे चूल, विडी, काही चालू ठेवलं नाही.

मांगराला वरून आणि बाजूंनी प्लास्टिक बांधलं, खाली जमिनीवर पाणी शिंपडलं म्हणजे तांबडी धूळ उठत नाही. रंग मारायची वेळ सकाळी दहा ते एक. त्याआधी दव, त्यानंतर समुद्राकडचा वारा. गन पत्र्यापासून एक वीत, नोझल १.४ मिलिमीटरचं. पहिला हात विरळ, पंधरा मिनिटं थांबून दुसरा ओला. हात पत्र्याच्या बाहेर गेल्यावरच ट्रिगर सोडायचा. मागच्या डाव्या दारावर मी कडेपाशीच हात थांबवला, तिथे चार इंचांचा ओघळ आला. नंतर आठवड्याने घासून काढला, तरी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो अजून दिसतो.

माझा कॉम्प्रेसर पन्नास लिटरचा. एक दार होईतो दाब उतरतो, मग भरेपर्यंत थांबायचं. त्यात गावचं व्होल्टेज. म्हणून बोनेट एका दमात मारायचं ठरवून आधी टाकी पूर्ण भरली, खालचा कॉक उघडून पाणी काढलं. जवळजवळ अर्धी वाटी पाणी निघालं. ते गनमधून गेलं असतं तर बोनेटची वाट लागली असती.

बोनेटवर तरीही माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले, रंग तिथून बाजूला सरकत होता. कारण शोधायला अर्धा दिवस गेला. सकाळी डोक्याला खोबरेल तेल लावून त्याच हाताने मी बोनेट पुसलं होतं. वाळू दिलं, घासलं, थिनरने नव्हे, ग्रीस काढणाऱ्या लिक्विडने दोनदा पुसलं, मग पुन्हा मारलं. ओल्या रंगावर किडा बसला तर बोटाने काढायला जाऊ नका. वाळल्यावर २००० च्या पाणीपेपरने तो अलगद निघतो. मी एक बोटाने काढायला गेलो, ती जागा पुन्हा रंगवावी लागली.

तीन आठवड्यांनी २००० ने घासून रबिंग (चमक आणायची पॉलिश) मारली. तिथून पुढचे पंधरा महिने असे गेले.

पुढचा बंपर मे महिन्यातच नंबर प्लेटच्या कोपऱ्याशी सोलायला लागला. नखाने धरून ओढला तर पातळ पापुद्रा हातभर निघाला, खाली प्लास्टिक कोरं. प्लास्टिकला वेगळा प्रायमर लागतो, तो मी घेतलाच नव्हता. नोव्हेंबरमध्ये सगळा सोलून, प्लास्टिक प्रायमर मारून पुन्हा केला. सहा महिने होत आले, अजून धरून आहे.

बोनेटवर आंब्याचा चीक पडला. दोन दिवस लक्ष गेलं नाही, तिथे रुपयाएवढा तपकिरी डाग राहिला. रबिंगने फिका झाला, पूर्ण गेला नाही. कंपनीच्या रंगावरही असे डाग पडलेले होते, त्यामुळे याचा दोष मी माझ्या रंगाला देत नाही. झाडाखाली गाडी लावणं मात्र सोडलं. चमक वर्षभराने थोडी उतरली, छपरावर जास्त. दारं उघडली की आतल्या चौकटीचा जुना पिवळट पांढरा आणि बाहेरचा नवा पांढरा शेजारी शेजारी दिसतात. आतून रंगवायला हवं होतं.

आणि डावी दारं. ऑगस्टमध्ये पुढच्या दाराच्या खालच्या कडेला मसुराएवढे फोड दिसले, एका ओळीत. मला वाटलं गंज नीट निघाला नसेल. एक फोड खिळ्याने टोचला तर आतून पाणी आलं, थेंब नव्हे, धार. दार हलवलं तर आत पाणी डचमळत होतं. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या खालच्या काठाला कंपनीने बारीक भोकं ठेवलेली असतात. ती मी लांबीने भरून, गुळगुळीत घासून, वरून सुंदर रंगवून टाकली होती. गंज समजून. उजव्या बाजूची दारं करताना काका उभे होते, त्यांनी भोकांत काड्या खोचून ठेवायला लावल्या. डावी बाजू मी एकट्याने केली.

त्याच दिवशी पाऊस चालू असताना ड्रिलने भोकं मोकळी केली. दोन्ही दारांतून मिळून बादलीभर पाणी निघालं. पण दोन महिने पत्रा आतून पाण्यात होता. बाहेरचे फोड वाढायचे थांबले, आतला गंज मात्र चालूच राहिला असणार. या रविवारी पुढचं दार बिजागरातून काढून मांगरात दोन स्टुलांवर आडवं ठेवलंय, आतलं कव्हर काढलं. खालची चार बोटं पट्टी तांबडी झाली आहे, स्क्रूड्रायव्हर अजून कुठे आत गेला नाही. पाऊस यायला सहा आठवडे आहेत. घासायला सुरुवात केली, भोकांत काड्या खोचून.