व्हॅक्यूम सीलर, चान्या आणि चोरीस : वर्षभराच्या वापरानंतर

मशीनची मोटर ठणठणीत आहे. सील करणारी तारही शाबूत आहे. तरी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर आमचं व्हॅक्यूम सीलर नुसतं घरघर करत बसलं, पिशवीतली हवा काही ओढेना. झाकणाखालची काळी फोमची गादी दबून चपटी झाली होती, एवढंच. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर मिळालं की रबरी भाग वॉरंटीत येत नाहीत, सुटी गादी मिळत नाही, नव्या मॉडेलवर सूट देतो. बोटभर रुंदीच्या पट्टीपायी साडेतीन हजारांचं मशीन भंगारात घालायचं? मला हे पटलं नाही, अजूनही पटत नाही.

वॅट आणि पंपाचे आकडे तुम्ही वाचलेले असणार, ते सोडते. मी हे घेतलं ते चान्यांसाठी. मराठवाड्यात ज्यांच्या घरी चान्या होतात त्यांना सांगायला नको: मटणाचे लांब पातळ पट्टे काढायचे, मीठ-हळद लावायची, दोरीवर टाकून कडक उन्हात काडीसारखे वाळवायचे. २०१५ पासून बैलाच्या मांसालाही बंदी आली, तेव्हापासून आमच्याकडं म्हशीच्या नाहीतर शेळीच्या होतात. परभणीचं मे महिन्याचं ऊन या कामाला फार चांगलं. हवा कोरडी, पारा चाळिशीच्या वर, पट्टे भराभर सुकतात. अडचण मृगानंतर सुरू होते. मीठ हवेतलं पाणी ओढतं, चान्या मऊ पडतात, मग बुरशी येते आणि बारीक किडे होतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दर उघडिपीला डबा रिकामा करून चान्यांना पुन्हा ऊन दाखवायच्या.

या कामात मशीननं मला खरोखर खूश केलं. पूर्ण वाळलेल्या चान्या सील करून ठेवल्या, त्या अख्ख्या पावसाळ्यात कडकडीत राहिल्या. दिवाळीनंतर पिशवी फोडून निखाऱ्यावर भाजल्या, कुटून अंबाडीच्या भाजीत घातल्या. आत्याबाई सहसा कशाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी स्वतःहून अजून दोन पिशव्या काढायला सांगितल्या. एक काळजी घ्या : वाळलेल्या मटणाची टोकं सुईसारखी असतात, पिशवीला न दिसणारं भोक पडतं. मी आधी जाड कागदात गुंडाळते.

पिशव्यांच्या खर्चावर मात्र मी सुरुवातीला चिडले होते. बाहेरून हवा ओढणाऱ्या या मशीनला आतून खडबडीत असलेलाच रोल लागतो. गुळगुळीत पिशवीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि हवेला वाटच राहत नाही. तो रोल महाग, आणि कंपनी सांगते आमचाच वापरा. मी या मशीनला दोनच तारे द्यायचं ठरवलं होतं. पण नंतर एक युक्ती समजली आणि मत बदललं. पॅकिंग मटेरियलच्या दुकानातली नायलॉनची साधी व्हॅक्यूम पिशवी आणायची, खडबडीत रोलची बोटभर पट्टी कापून तिच्या तोंडात आडवी सरकवायची. हवा त्या पट्टीतून निघून जाते आणि सील पट्टीवरूनच बसतं. मोठा खर्च वाचला. भरताना पिशवीचं तोंड बाहेर दुमडून घ्या, कडेला तेल किंवा ओल लागली तर सील धरत नाही. उन्हाळ्यात दोन पिशव्यांच्या मध्ये मशीनला चांगली विश्रांती द्यावी लागते, नाहीतर ते तापून बंद पडतं.

आता चोरीस, म्हणजे गोव्याचं तिखट-आंबट सॉसेज. मेहुणा गोव्यात नोकरीला आहे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून माळ आणतो. डुकराचं मांस, व्हिनेगर, मीठ, मिरची. चान्यांइतकी ती कोरडी नसते, चरबीही भरपूर असते. गोव्यात लोक माळ स्वयंपाकघरात टांगून ठेवतात म्हणून आपण परभणीच्या मेमध्ये खुंटीला टांगू नये. चरबी वितळून गळते आणि खवट वास धरते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सल्ल्यात न कापलेलं कडक सुकं सॉसेज फडताळात सहा आठवडे आणि कापल्यावर फ्रिजमध्ये तीन आठवडे, असं आहे. पण त्यांचं फडताळ आमच्यासारखं तापत नाही.

यंत्राच्या खोक्यावर 'पाचपट जास्त टिकते' असं ठळक छापलंय. त्याखाली फ्रिजचं नाव नाही, आणि मला याचाच सगळ्यात जास्त राग आहे. भाचा इथल्या कृषी विद्यापीठाच्या अन्न तंत्रज्ञान महाविद्यालयात शिकतो, त्यानं नीट समजावलं. हवा काढली की बुरशी थांबते, चरबी खवट व्हायची गती मंदावते. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूला हवा नसलेलीच जागा लागते. त्याच्या विषाला वास नसतो, चवही नसते. चान्यांत त्याला वाढायला पाणीच उरत नाही, म्हणून त्या बाहेर चालतात. ओलसर, चरबीचं, कापलेलं काहीही असेल तर सील केल्यावरही थंडीतच गेलं पाहिजे. ही ओळ खोक्यावर छापायला कंपनीला शाईचा कितीसा खर्च आला असता?

मी चोरीस एका जेवणापुरती सुटी करून सील करते आणि फ्रीझरमध्ये उणे १८ ला ठेवते. तिथंही ती वर्षभर ठेवायची वस्तू नाही. खारवलेल्या मांसातलं मीठ चरबीला गोठलेल्या अवस्थेतही खवट करत राहतं, त्यामुळं दोनेक महिन्यांत संपवते. लाईट गेली तर दार उघडायचं नाही. गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. आमच्याकडं वादळी पावसात हा हिशोब कामाला येतो. फुगलेली पिशवी मी वास घेऊन बघतसुद्धा नाही, थेट टाकते. टाकताना जीव तुटतो, पण टाकते.

गादीचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर जी गादी 'मिळत नाही' ती कुरिअरनं घरी आली, तीही फुकट. बसवायला पाच मिनिटं पुरली. मिक्सर दुरुस्त करणाऱ्या दादांनी सांगितलं की झाकण लॉक करून ठेवलं की फोम दिवसरात्र दाबलेला राहतो आणि मरतो, काम झालं की लॉक सोडून ठेवा. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत हे एका शब्दानं नाही. सील करायच्या तारेवरची टेफ्लॉन पट्टी जळाली तर घाबरू नका, फरसाणवाले वापरतात त्या हँड सीलरची पट्टी पॅकिंगच्या दुकानात मिळते, मापानं कापून बसते.

तारे चार देते. एक सर्व्हिसमुळं कापला. नवीन घेणाऱ्यांनी ऑर्डर करण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा : सुटी गादी मिळते का, आणि केवढ्याला? लेखी उत्तर आलं तरच पैसे भरा.