2020 ची टाळेबंदी की 2021 चे निर्बंध : कोकणपट्टीतील शहरांची हवा
25 मार्च 2020 पासूनच्या देशव्यापी टाळेबंदीत मुंबई, ठाणे, पनवेल परिसरातील बहुतेक वाहने आणि बांधकामे एकाएकी थांबल्यामुळे हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने उतरला, कारण शहरात हा वायू मुख्यतः इंजिनांतून येतो आणि काही तासच टिकतो. एप्रिल 2021 मधील महाराष्ट्र सरकारच्या ‘ब्रेक द चेन’ या करोना निर्बंधांत मात्र मालवाहतूक व अनेक उद्योग चालूच होते. तेवढ्या उताराची अपेक्षा तेव्हा रास्त नव्हती. सूक्ष्म धूलिकणांत चुलीचा धूर आणि समुद्री मीठही असल्याने केवळ वाहने थांबवून ते त्या प्रमाणात घटत नाहीत. ओझोनचे गणित तर उलटेच: इंजिनांतूनच निघणारे नायट्रिक ऑक्साइड ओझोन संपवते, म्हणून ते कमी झाले की शहरात ओझोन वाढूही शकतो. दिवसा समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांनी जिथली हवा एरवीही मोकळी होते त्या रत्नागिरीत (रात्री मतलई वारे उलटे वाहतात, हे खरे) दोन्ही काळांतील फरक मुंबईइतका ठळक मानणे मला धाडसाचे वाटते.